पिंपळनेरची लेक

साध्या कपड्यातला पोलीस ओट्यापाशी येऊन उभा राहिला तेव्हा भिकुबाई सुपात ज्वारी पाखडत होती. एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात नवखा माणूस आधी भिकुबाईपाशीच अडतो, कारण ओटा ऐन चौकात आणि भिकुबाई कायम ओट्यावर. त्यानं आपलं नाव नवल सांगितलं, पाणी मागितलं, पाणी प्यायला आणि मग विचारलं, "निरोशा नावाची बाई इथं राहते का?"

"आठे त्या नावनी कोनी नही," भिकुबाई म्हणाली.

"तुमची सून आहे म्हणे. श्रीलंकेची."

भिकुबाईनं सूप खाली ठेवलं. 'म्हणे' हा शब्द तिला कुणाच्याच तोंडून खपत नसे. "मनी वहूनं नाव सारिका. मना भाऊनी आंडेर शे ती, पिंपळनेरनी. श्रीलंका-बिरलंका आठे कोनी नही. इचारी ल्या कोनले बी."

नवलनं विचारलं. शेजारची सुमनबाई म्हणाली, पिंपळनेरची. किराणावाला म्हणाला, पिंपळनेरची, दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाते. शेवटी पारावर बसलेल्या कौतिकला विचारलं. कौतिक म्हणजे भिकुबाईचा चुलतदीर. त्याच्या ओठांवर काहीतरी वेगळं आलं होतं, पण समोर ओट्यावरून भिकुबाई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. "पिंपळनेरनीच," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

भिकुबाईला वाटलं, आपण जिंकलो. सून घरी नव्हती. नातीच्या, सपनाच्या शाळेचं काहीतरी काम निघालं म्हणून ती एरंडोलला गेली होती. जाताना म्हणून गेली होती की चौकशीला कुणी येईल, चांगलं सांग. भिकुबाईच्या डिक्शनरीत याहून चांगलं काही नव्हतं. सून आपली आहे, रक्ताची आहे, भावाची लेक आहे. याच्यावर आणखी काय चांगलं सांगायचं?

आता खरं काय ते सांगायला हवं. भिकुबाईचा मुलगा दीपक एसीच्या फिटिंगचं काम करायला दोह्याला गेला होता. तिथल्या एका धुलाईखान्यात कामाला असलेली निरोशा त्याला भेटली आणि तो तिला घेऊनच गावी उतरला. भिकुबाईनं रीतसर ऊर बडवून घेतला. दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी उठून तिनं तोंड धुतलं आणि ओट्याच्या पायरीशी अंग चोरून बसलेल्या त्या सावळ्या पोरीकडे नीट पाहिलं. पोरीच्या पायात चपला नव्हत्या. घरात यायचं म्हणून तिनं त्या पार चौकात काढून ठेवल्या होत्या. भिकुबाईचा राग तिथंच निम्मा उतरला.

पण लग्न लावायचं तर पोरीच्या बाजूला उभं कोण राहणार? भिकुबाईनं पिंपळनेरला भावाला निरोप धाडला. पुना नाना आणि त्याची बायको शेवंताबाई आले, पाटावर बसले आणि त्यांनी कन्यादान केलं. ज्यानं कन्यादान केलं तो बाप, हा आपल्याकडचा रिवाज. त्यावर कुणी शंका काढत नाही. मग ताटात तांदूळ पसरून दीपकनं अंगठीनं नाव लिहिलं, सारिका. निरोशा त्या ताटात जी बुडाली ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

त्याच लग्नात जेवणाच्या पंगतीत कौतिक हळूच बोलला होता, "काही बी करा, परकी ती परकीच." भिकुबाईनं त्याच्यासमोरचं ताट उचललं. भरल्या पंगतीत, देवासमोर, ती म्हणाली, "आजपाशी जो तिले परकी म्हनी, त्याले मना घरमा पानीना घोट मिळाव नही." आणि ती बोलली म्हणजे बोलली. कौतिक पुढची दोन वर्षं या घरी आला की तहानलेलाच परत जायचा. शेवटी त्यानं सगळ्यांसमोर कान धरले तेव्हा कुठे त्याला तांब्या मिळाला. तेव्हापासून साऱ्या गावाची जीभ सरळ झाली.

सारिकानंही गाव असं उचललं की विचारू नका. वर्षभरात ती अहिराणीत भांडायला लागली. आखाजीला पुना नाना तिला न्यायला यायचा. पिंपळनेरच्या झोक्यावर बसून ती गावातल्या पोरींच्या बरोबरीनं गाणी म्हणायची आणि शेवंताबाई तिच्या ओटीत आंबे घालून परत पाठवायची. फक्त एक गोष्ट होती. अधूनमधून तिच्या आईचा फोन यायचा, आणि ती त्या भरभर पळणाऱ्या भाषेत बोलायला लागली की भिकुबाई तिला धाब्यावर, घराच्या गच्चीवर, पिटाळायची आणि खाली टीव्हीचा आवाज मोठा करायची. चौकात ती भाषा ऐकू जायला नको, एवढंच.

दीपक मात्र कामाच्या बाबतीत थंड. नागरिकत्वाचा अर्ज करू, करू की, कुठे पळून जातोय, असं म्हणत त्यानं वर्षं घालवली. मग नशिराबादजवळ हायवेवर ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि सगळंच पळून गेलं. सारिकाला इथं राहायची परवानगी मिळत होती ती नवऱ्याच्या नावावर. आता नवराच राहिला नाही. जळगावचे प्रेमराज वकील म्हणाले, "अक्का, नवऱ्यामार्फतचा रस्ता आता संपला. आता हिला स्वतःच्या बळावर नागरिक व्हावं लागेल. बारा वर्षांचं वास्तव्य हवं, ते आहे. चालचलणूक चांगली हवी, त्याची सरकार चौकशी करेल. इथली भाषा यावी लागते. आणि आधीचा देश सोडायची तयारी पाहिजे."

भाषेवरून थोडा घोळ झालाच. सारिकाची अहिराणी फर्डी, पण सरकारच्या यादीत अहिराणी नाही, मराठी आहे. मग सपनाच्या शाळेतल्या बाईंनी तिला पुस्तकी मराठी शिकवली आणि मायलेकी एका कंदिलाखाली नव्हे तर एका मोबाईलच्या उजेडात धडे वाचायला लागल्या, कारण गावात लाइटचं तंत्र तेच जुनं. अर्ज गेला. चौकशी आली. आणि त्या चौकशीचं भिकुबाईनं वर सांगितलं तसं भलं केलं.

एरंडोलहून परतलेल्या सुनेला तिनं मोठ्या ऐटीत सगळं ऐकवलं. ऐकता ऐकता सारिका दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"माय, काय करी बठनी तू!"

"काय करं? चांगलंच सांगं मी."

"मी परकी शे हाई सिद्ध व्हयनं तरच मी आठली व्हसू, माय. तू त्यासले सांगं मी आठलीच शे. मंग मी कोन? खोटी!"

भिकुबाईला ते काही पटलं नाही. आपलं करून घ्यायचं तर आधी परकं म्हणायचं, असली उलटी गंगा तिनं जन्मात पाहिली नव्हती. पण त्या रात्रीच्या भाकरी कुणाच्याच घशाखाली नीट उतरल्या नाहीत.

मग साक्रीकडच्या पोलिसांनी पिंपळनेरला पुना नानाला गाठलं. बहिणीचा सख्खा भाऊ तो. छाती काढून म्हणाला, "मनीच आंडेर. मी कन्यादान करेल शे." अशा रीतीनं जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून सारिकाच्या गळ्यात फास अडकवला. थोड्या दिवसांत जळगावच्या कचेरीतून नोटीस आली. अर्जदारानं ओळख लपवून स्थानिक असल्याचं भासवलेलं दिसतं, सुनावणीला हजर राहावं. प्रेमराज वकिलांनी चष्मा काढून पुसला. "लपवाछपवी ठरली तर चालचलणूक वाईट ठरते, अक्का. अर्ज गेलाच, वर राहायची परवानगीही वाढणार नाही. हिला परत जावं लागेल."

"आनि सपना?"

"सपना भारताची नागरिक. ती इथं राहू शकते. किंवा आईबरोबर जाऊ शकते."

भिकुबाईनं दोन्ही वाटा मनात चालून पाहिल्या. एका वाटेवर आईविना पोर होती आणि दुसऱ्या वाटेवर रिकामं घर.  आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या तोंडाची भीती वाटली.

सुनावणीच्या दिवशी एसटीत तिघी एका बाकावर बसल्या.  उतरताना सारिका एवढंच म्हणाली, "माय, तठे खरं सांगजो. मना जीव तुना शब्दवर शे." भिकुबाईनं मान हलवली. पण खरं सांगायचं म्हणजे तो एक शब्द उच्चारायचा. आणि तो शब्द तिनं स्वतः देवासमोर बंद करून ठेवलेला.

कचेरीतल्या मॅडम वयानं लहान होत्या आणि कामाला कडक. त्यांनी सपनाला बाहेर बसवलं. दोन अहवाल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"पासपोर्ट म्हणतो तुम्ही निरोशा. गाव म्हणतं तुम्ही सारिका. पासपोर्ट म्हणतो जन्म श्रीलंकेचा. गाव म्हणतं पिंपळनेरचा. दोन जिल्ह्यांचे लोक एकमुखानं सांगताहेत. बारा-चौदा वर्षं अख्ख्या गावाला फसवलंत का?"

"नाही मॅडम. मी कुणाला फसवलं नाही," सारिका पुस्तकी मराठीत म्हणाली. 

"मग त्यांना हे कुणी सांगितलं?"

 सारिकानं भिकुबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूनं पोलिसाला खोटं सांगितलं असं आपल्या तोंडानं सांगून सुटायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं. प्रेमराज वकील घसा खाकरून रिवाजाचं काहीतरी सांगायला लागले तशी मॅडमनी हात वर केला आणि भिकुबाईकडे वळल्या.

"आजी, तुमचा जबाब आहे हा. ही तुमच्या भावाची मुलगी?"

भिकुबाईनं पदरानं कपाळ पुसलं.

"बरं. हिच्या आईचं नाव काय?"

"शेवंताबाई," भिकुबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मॅडमनी कागद पाहिला आणि पेन उचललं. त्या काहीतरी लिहायला लागल्या.  भिकुबाईनं सुनेकडे पाहिलं. सारिकाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पोरीनं आपल्या आईचं नाव ऐकलं होतं, आणि ते तिच्या आईचं नव्हतं. भिकुबाईला एकदम कळलं की खरं नाव आपल्याला ठाऊकच नाही. इतक्या वर्षांत आपण ते कधी विचारलंच नाही.

"थांबा बाई," ती म्हणाली. "लिखू नका."

मॅडमनी पेन थांबवलं.

"मी खोटं बोलनू. पोलिसले बी, आते तुमले बी. मले जेलमा टाका. तिनी काही लपाडं नही. बठ्ठं मी करं. नाव मी बदलं, माहेर मी दिधं. गावले मी दम दिधा."

"म्हणजे हिनं स्वतः कधीच कुणाला सांगितलं नाही की मी इथली?"

"कधीच नही." भिकुबाईला आठवलं तसं ती भराभर बोलायला लागली. "मतदार यादीमा नाव टाकाले सरपंच घर उना व्हता. तिनी टाकू दिधं नही. बठ्ठं गाव मतदानले जाये, हाई घरमा बठे. मी शिव्या दिन्यात, म्हनं लोके काय म्हनतीन! तर म्हने, माय, मी आजून आठली नही. मलेच राग ये, बाई. मले तो शब्द सहन व्हये नही."

मॅडमनी सारिकाकडे पाहिलं. सारिकानं मान खाली घालून हो म्हटलं.

"मग नीट सांगा आजी. जबाबात लिहायचं आहे. ही कोण?"

भिकुबाईनं लुगड्याचा पदर मुठीत गच्च आवळला. देवासमोरची ती पंगत, कौतिकचं उचललेलं ताट, सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग तिनं डोळे मिटून घेतले.

"परकी शे, बाई. समुद्रपारनी शे. मना भाऊनी आंडेर नही ती. मना रक्तनी नही, मना गावनी नही." आणि मग, इतक्या हळू की लिहून घेणाऱ्यालाही पुन्हा विचारावं लागलं, "मनी कोनी नही."

तिनं सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही, प्रत्येक अक्षर वेगळं आणि मोठं. मॅडमनी फेरचौकशीचा शेरा मारला आणि जाता जाता म्हणाल्या, "आजी, पुन्हा पोलिसाला खोटं सांगू नका." पण आवाज आधीपेक्षा मऊ होता.

संध्याकाळी घरी पोचल्यावर भिकुबाई ओट्यावरच टेकली. सपनानं आतून तांब्या आणला. भिकुबाईनं तोंड फिरवलं.

"नको बेटा. मना घरनं पानी मले चालाव नही."

सारिका बाहेर आली. तिच्या लगेच लक्षात आलं. "माय, काहीतरीच! ते तू कागदसाठे बोलनी."

"बोलनू ना? कौतिक बी बोलनाच व्हता. त्याले एक न्याव आनि मले दुसरा का?"

सारिका रडली, रागावली, सपनानं हातपाय आपटले. सुमनबाईनं येऊन समजावलं. भिकुबाई हलली नाही. पारावरून कौतिक हे सगळं पाहत होता. त्याच्या मिशीत हसू फुटलं होतं, नाही म्हणायचं कारण नाही. पण तो उठला, घरी गेला आणि आपल्या घरचा पितळी तांब्या भरून घेऊन आला.

"वहिनी, मना घरनं पी. तठे मी कोनले बंदी करेल नही."

भिकुबाईनं त्याच्याकडे जळजळीत पाहिलं आणि मग घटाघटा तांब्या रिकामा केला.

तेव्हापासून तेच चाललं. जेवण घरात, पाणी कौतिकच्या घरचं, तेही ओट्यावर बसून. उन्हाळ्यात तिच्या घशाला कोरड पडायची तेव्हा सारिका माठ भरून तिच्यासमोरून न्यायची, मुद्दाम. भिकुबाई दुसरीकडे बघायची. नवल पुन्हा आला. या वेळी गावानं त्याला खरं सांगितलं, पण दबकत, एक डोळा ओट्याकडे ठेवून. भिकुबाई स्वतःच ओरडली, "सांगा, सांगा, परकी शे म्हनीसन सांगा!" आणि आत जाऊन तोंड भिंतीकडे करून निजली. महिने गेले. कागद मुंबईला गेले, तिथून दिल्लीला. टपालवाला फाट्यावर दिसला की घरातल्या तिघी दारात यायच्या. एकदा वीजबिल आलं, एकदा बँकेचं काहीतरी, आणि प्रत्येक वेळी सारिका ते उलटंपालटं करून निमूट फळीवर ठेवून द्यायची.

आखाजी आली. सारिका त्या वर्षी पिंपळनेरला गेली नाही. पुना नाना न्यायला आला होता, तो ओट्यावर बहिणीशेजारी बसून राहिला आणि तसाच परत गेला.

शेवटी मंजुरी आली. पण तिच्यात अट होती. आधी जुना देश सोडल्याचा कागद द्यायचा, मग शपथ. सारिकानं आपला पासपोर्ट परत पाठवला तेव्हा त्याच्यावरून एकदा हात फिरवला. भिकुबाईनं ते दाराआडून पाहिलं आणि काही बोलली नाही.

शपथेच्या दिवशी त्याच मॅडम होत्या. सारिका ताठ उभी राहिली आणि पुस्तकी मराठीत एकेक शब्द म्हणत गेली, भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन असं. मध्ये एकदा तिचा आवाज फुटला. मॅडम थांबल्या, तिला पाणी दिलं, आणि तिनं उरलेली शपथ पूर्ण केली. सपनानं टाळ्या वाजवल्या. गावात उतरल्यावर कौतिकनं फटाक्यांची माळ लावली आणि सुमनबाईनं ओवाळलं.

लोक पांगल्यावर सारिका माठातलं पाणी घेऊन ओट्यापाशी आली. "माय, आते तरी पी."

भिकुबाई उठली. उंबऱ्याच्या आत आली, घरात मधोमध उभी राहिली. "मी लिखी दिधं व्हतं, परकी शे. सरकारनी आज मना शब्द खोटा पाडा," ती म्हणाली. "बरं व्हयनं."

तिनं तांब्या हातात घेतला. ओठांपर्यंत नेला आणि थांबली. सुनेचा चेहरा तिला दिसला. सगळा दिवस सारिका हसत होती, सगळ्यांच्या पाया पडत होती, आणि आता दिवेलागणीला भिंतीला टेकून उभी होती. जसं आपण मॅडमसमोर म्हणालो होतो, मनी कोनी नही, तसंच काहीतरी या पोरीलाही कुणाबद्दल तरी लिहून द्यावं लागलं होतं. समुद्रापलीकडे. आणि तिच्यासाठी ओट्यावर तहानलेलं बसायला कुणी नव्हतं.

भिकुबाईनं तांब्या सुनेच्या हातात दिला. "आधी तू पी. बठ. दूरतीन उनी शे तू."

सारिका चमकून पाहायला लागली. या घरात हे वाक्य कुणी कधी बोललं नव्हतं.

"तुनी मायनं नाव काय शे?" भिकुबाईनं विचारलं.

 सारिका म्हणाली, "सोमावती."

"सोमावती," भिकुबाईनं म्हणून पाहिलं. मग ती नातीकडे वळली. "सपना, तो टीव्ही बंद कर. आनि तुना आजीले फोन लाव." सारिका सवयीनं मोबाईल घेऊन धाब्याच्या जिन्याकडे निघाली, तशी भिकुबाईनं तिचा हात धरला आणि दार सताड उघडलं.

"वर नको जाऊ. आठेच बठीसन बोल. चौकले ऐकू जाऊ दे."